बेंजोची घोडी

नणदेच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने सगळ्यांत आधी मामाला फोन केला. "मामा, माझ्या हळदीला बेंजो तूच वाजवायचा. दुसरा कोण मला चालायचा नाय." आमचे हे हसले आणि बोलले, "मी असताना दुसरा कशाला येतोय गो?" फोन आला तेव्हा तुळशीचं लग्नसुद्धा व्हायचं होतं, आणि हळद माघात होती. मधल्या दिवसांत असं काही झालं की मामा वाजवणार की नाही हेच कुणाला सांगता येईना. ते मला लिहून ठेवायचं आहे.

हे मुरबाडला एका कंपनीत पॅकिंगला जातात. लग्नाच्या दिवसांत गावच्या बेंजो पार्टीत वाजवतात. आमच्याकडचा बेंजो म्हणजे एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या असतात आणि तारांच्या वर बटणांची रांग असते. डाव्या हाताने बटण दाबायचं आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. बटण दाबलं की तार खालच्या पट्टीला टेकते आणि सूर बदलतो. पार्टीत ढोलकी असते, ताशा असतो, पण गाणं म्हणायचं काम बेंजोचं. ताशावाला चुकला तर नाचणाऱ्यांना कळत नाही. बेंजो चुकला की म्हाताऱ्या बायकासुद्धा मान वळवून बघतात.

पार्टी यांचा चुलतभाऊ चालवतो. तो ढोलकी वाजवतो. मी त्याला भावोजी म्हणते. मनाने चांगला आहे, पण तोंडाला लगाम नाही.

मार्गशीर्षात शेजारच्या पाड्यात हळद होती. मी बायकांत बसले होते. गाणं खाली होतं तोवर सगळं ठीक होतं. गाणं वर चढलं की बेंजो खुपायला लागायचा. हाताला लहान झालेली बांगडी चढवताना जसं होतं तसं काहीतरी व्हायचं. सूर होता तोच, पण आवळलेला. यांनाही ते कळत होतं, कारण हे वरच्या बटणांवर गेले की मान खाली घालत होते. मग यांनी वर जायचंच सोडलं. जिथे गाणं वर जायला हवं तिथेही खालीच घोळवायला लागले. नाचणाऱ्यांतला एक जण ओरडला, "ओ बेंजोवाले, हळद जास्त चढली काय?" सगळे हसले. हे दारूला शिवत नाहीत. म्हणून ते हसणं मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भावोजी आमच्याकडे चहाला आला. ओटीवर बसला आणि सरळ बोलला, "दादा, कान दाखव डॉक्टरला."

"कानाला काय झालाय माझ्या?"

"काय झालाय ते तुला कळत नाय, म्हंजे कानालाच झालाय ना!"

मी आत चुलीजवळ होते. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण यांनी उलट उत्तर दिलं नाही. एरवी हे दोघे एकमेकांना सोडत नाहीत.

भावोजी मग हळू आवाजात बोलला. "इतकी वर्षं त्या स्पीकरच्या खोक्याला लागून बसतोस. कुणाचाही कान जाईल. शहापूरला एक जण हाय, कीबोर्ड वाजवतो. बटण दाबला का सूर तयार, जुळवायची भानगड नाय. भाचीच्या हळदीला त्याला सांगून ठेवतो. तू आपला नवा शर्ट घालून मामा म्हणून मिरव."

"तिला मी शब्द दिलाय."

"शब्द दिलास रे, पण वाजायला नको? तिच्या सासरची माणसं येतील. त्यांच्यासमोर काल वाजला तसा वाजला तर?"

भावोजीने चहा संपवला. जाताना आत डोकावून मला बोलला, "वहिनी, तुमी समजवा त्याला."

त्या रविवारी हे सकाळपासून बेंजो घेऊन बसले. तार सोडली की सूर बरोबर. वरचं बटण दाबलं की चढलेला. मग वरचा जुळवायला खुंटी सैल केली की खालचा सगळा पडायचा. परत खुंटी पिळायची. असं करता करता एक तार तटकन तुटली आणि यांच्या अंगठ्याला लागली. यांनी अंगठा तोंडात धरला. मग माझं जुनं लुगडं मागितलं, त्यात बेंजो गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला. मला बोलले, "भावाला सांग, त्या शहापूरवाल्याला सांगू दे."

मी भावोजीला निरोप दिला नाही.

माझं माहेर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. माझी आई धवलारीण होती. आमच्या लग्नांत धवलारीण धवळे गाते. हळद लावताना, मांडवात, नवरीला न्हाऊ घालताना, प्रत्येक वेळेचा वेगळा धवळा. त्याला वाद्य नसतं. धवलारीण एक ओळ म्हणते आणि तिच्या बाजूला बसलेली दुसरी बाई ती ओळ उचलते. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी आईच्या बाजूला बसायला लागले. आईने मला शब्दांच्या आधी एकच गोष्ट शिकवली. दुसरीने पहिलीच्या आवाजात जाऊन बसायचं. दोन बाया गातायत हे कुणाला कळता कामा नये. माझा आवाज जरा वर गेला की आई गाता गाता माझ्या मांडीला चिमटा काढायची. "चढू नको गो," एवढंच बोलायची. मला चारचौघांत तोंड उघडायला लाज वाटते, पण आईच्या आवाजात लपून मी पुष्कळ लग्नं गायले. चढलेला सूर मला अजून मांडीत कळतो.

पौष लागला. पौषात आमच्याकडे लग्नं नसतात. जवळच म्हशाला जत्रा असते, गुरांचा बाजार भरतो, पण बेंजोला काम नसतं. एका दुपारी हे कंपनीत होते आणि घरात मी एकटी होते. मी बेंजो माळ्यावरून काढला.

आधी मी नुसती तार छेडली. हळूच, शेजारी कळू नये इतकी. मग पहिलं बटण, दुसरं बटण असं करत वर गेले. खालची बटणं बरी होती. वर जावं तसा सूर थोडा थोडा चढत होता. सगळ्यांत वरच्या बटणांवर तर आईने चिमटाच काढला असता. मी परत खाली आले, परत वर गेले. दर वेळी तसंच.

मला वाटलं, यांचा कान गेला असता तर यांनी मोकळी तारसुद्धा वाकडी जुळवली असती. ती तर नीट होती. आणि बिघडलेला कान असा हळूहळू बटणागणिक कसा बिघडेल? मी बेंजो उजेडात नेला आणि न्याहाळून बघितला. तारांवर हळद बसली होती. हळदीत माणसं नवरीबरोबर वाजवणाऱ्यांनाही हळद फासतात, तोच हात तारांवर. तार बोटाने चाचपली तर कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत, मधे गंजाचे ठिपके. मग मी शेवटाला पोचले. तिथे एक लाकडाची छोटी उभी पट्टी असते, तिच्यावर तारा टेकून पुढे जातात. तिला घोडी म्हणतात. घोडी तारांच्या दाबानेच उभी राहते, तिला खिळा नसतो. आमच्या घोडीच्या पायाला दोन्ही बाजूंनी काचेसारखा थेंब सुकला होता. मी बोटाने ढकललं. घोडी हलली नाही.

संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मला वाढता वाढता विचारायचं होतं. भाकरी वाढली, कालवण वाढलं, तरी तोंडातून शब्द निघेना. यांच्या वाजवण्याबद्दल मी आजवर बरं-वाईट काहीच बोलले नव्हते. शेवटी मी भांड्यांकडे तोंड करून विचारलं, "घोडी कुणी चिकटवली?"

"कुठची घोडी?"

"बेंजोची."

यांनी घास खाली ठेवला. "मीच. म्हशाकडून यंदाची पहिली वरात करून येत होतो ना, त्या रस्त्याला टेम्पो असा उडत होता की घोडी दोनदा आडवी झाली. मग चपलेला लावतात तो गम होता डायवरकडे. दिला लावून. तेव्हापासून जाग्याची हलली नाय." हे जरा अभिमानानेच बोलले. मग एकदम माझ्याकडे बघितलं. "तू बेंजो खाली काढलास?"

"वरचा सूर चढतोय. खालचा नाय चढत."

"तेच तर. कान गेलाय माझा."

"मलाही तसाच ऐकू येतोय. माझा पण गेला काय?"

हे जेवण अर्धं टाकून उठले आणि बेंजो घेऊन आले. मोकळी तार छेडली. "आता बोल."

बोलून ते समजणार नव्हतं. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तारेचा सूर धरला, तोंड मिटूनच. मग तोच सूर वरच्या सप्तकात घेतला. "आता वरचं बटण दाबा," म्हणाले आणि परत सूर धरला. यांनी दाबलं. माझा आवाज आणि तार एकमेकांना घासायला लागले. आवाज थरथरल्यासारखा व्हायला लागला. मी सूर सोडला नाही. हे मान तिरकी करून ऐकत होते. परत छेडलं, परत थरथर.

"म्हंजे कान..." हे बोलले आणि थांबले. डावा हात तोंडावरून फिरवला. "कान शाबूत हाय."

मला रडू आलं. मी ताट उचलून मोरीत गेले.

पुढचे दिवस आमच्या घरात त्या घोडीचंच काम चाललं. सगळ्या तारा सैल केल्या. गम काही केल्या सुटेना. हे सुरी घेऊन बसले तर पेटीची ढलपी निघायला लागली. मी गरम पाण्यात फडकं भिजवून घोडीच्या पायाशी धरून ठेवत होते आणि हे सुरीचं टोक हळूहळू घालत होते. गरम पाणी, सुरी, परत गरम पाणी. सुटली तेव्हा यांनी ती हातावर घेऊन फुंकर मारली. तारा मुरबाडला मिळाल्या नाहीत. हे सुट्टीच्या दिवशी जीपने कल्याणला जाऊन नवीन तारा घेऊन आले.

मग घोडी कुठे उभी करायची हा प्रश्न आला. यांना एवढं पक्कं माहीत होतं की वरचा सा तारेच्या बरोबर मध्ये असतो. ज्यांच्याकडे हे शिकले ते तसं सांगायचे. पण मध्य बघायचा कसा? मी शिलाईचा दोरा आणला. तार जिथून सुरू होते तिथपासून वरच्या सा च्या पट्टीपर्यंत दोरा धरला, मग तेवढाच दोरा पट्टीपासून पुढे घातला. जिथे दोरा संपला तिथे घोडी हवी होती. गमाचा डाग त्याच्या बराच अलीकडे, बटणांच्या बाजूला होता. उडत्या टेम्पोत घाईघाईने उभी केलेली घोडी तिथेच कायमची बसली होती. तार आखूड झाली होती, आणि खुंटीने मोकळा सूर कितीही जुळवला तरी वरचे सगळे चढणारच होते.

दोऱ्याने जागा मिळाली तरी काम संपलं नाही. बटण दाबलं की तार खाली ओढली जाते, म्हणजे आणखी थोडी ताणली जाते. म्हणून घोडी आणखी मागे घ्यावी लागली, तांदळाच्या कणीएवढी. मी सूर धरायचा, हे बटण दाबायचे, थरथर झाली की कणीभर मागे. फार मागे गेली की सूर पडायचा, परत पुढे. बारीक तार जुळली की जाडी चढलेली असायची. शेवटी घोडी जाड्या तारेच्या बाजूने जरा जास्त मागे गेली आणि तिरकी उभी राहिली.

"वाकडी दिसते गो," हे बोलले आणि सरळ करायला गेले. मी हात धरला.

"दिसू दे. वाजते सरळ."

"लोक बोलतील, याला घोडी उभी करता येत नाय."

"लोक घोडी बघायला येतात काय?"

यांनी तिरक्या घोडीच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने रेघ मारली, म्हणजे सरकली तर जागा कळेल. गमाचं नाव काढलं नाही.

याच कामात मला आणखी एक गोष्ट कळली. सगळ्यांत वरची बटणं जुळवताना हे "झाला, झाला," म्हणायचे आणि मला थरथर ऐकू येत असायची. मी सूर धरून राहिले की हे डोकं फिरवून डावा कान पुढे करायचे आणि मग म्हणायचे, "नाय, अजून हाय थोडा." उजवा कान स्पीकरच्या बाजूचा. भावोजी अगदीच खोटं बोलला नव्हता. मी ते यांना सांगितलं नाही. त्यांना माहीत असावं. त्यांनी हळूच माझी बसायची जागा बदलून मला डाव्या हाताला बसवलं, त्यावरून मला तसं वाटलं.

हे ठीक वाजवायला लागल्यावर भावोजी येऊन ऐकून गेला. "मग त्या शहापूरवाल्याला नको ना सांगू?" मी मध्येच बोलले, "त्याला अजून सांगितलाच नसेल तुमी." तो हसला. "तुमी निरोप कुठं दिलात, वहिनी?"

हळदीच्या दिवशी आम्ही दुपारीच नणदेकडे पोचलो. हे बेंजो टेम्पोत खाली ठेवायला तयार नव्हते, सगळ्या रस्ताभर मांडीवर घेऊन बसले. थंडी होती. दिवेलागणीला वाजवणाऱ्यांनी मांडवामागे पेंढा पेटवला. ढोलकी आणि ताशाची चामडी थंडीत सैल पडते, म्हणून ती जाळावर धरून तापवतात. पार्टीची सगळी वाद्यं नेहमी एकाच जागी ठेवायची पद्धत, म्हणून कुणीतरी बेंजोही तिथेच आणून ठेवला होता. चामडी तापून ताठ होते, पण तारा तापल्या की सैल पडतात. त्यात तारा नव्या.

मी आत बायकांबरोबर होते. नवरी पाटावर बसली होती, हळद वाटून झाली होती. बाहेर ढोलकीवर थाप पडत होती, कुणी माईकमध्ये "हॅलो हॅलो" करत होतं, पोरं किंचाळत होती. मधेच बेंजोची तार ऐकू यायची आणि थांबायची. परत यायची, परत थांबायची. मला कळलं की हे जुळवतायत. खालचं जुळलं. वरचं जुळेना, या गलक्यात वरचा बारीक सूर यांच्या कानाला लागत नसणार.

मग हे मांडवाच्या दाराशी आले. सगळ्या बायकांच्या देखत. "जरा ये गो."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हळदीत पुरुष बायकोला असं हाक मारून बाहेर नेत नाही. मला पाटाखाली जावंसं वाटलं. नवरीने माझ्याकडे बघितलं आणि तिला काय कळलं कुणास ठाऊक, बोलली, "मामी, जा ना."

मी गेले. बाहेर दिव्यांचा लखलखाट, नवरदेवाकडचे पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. हे बेंजोमागे बसले आणि मी त्यांच्या डाव्या हाताला वाकून उभी राहिले. घोडी पेन्सिलीच्या रेघांतच होती, नुसत्या तारा उतरल्या होत्या. एवढ्या गलक्यात लांबून सूर धरून काही उपयोग नव्हता. मी पदर धरला आणि तोंड यांच्या कानाशी नेलं. सूर धरला. हे खुंटी पिळत होते. थरथर होती, कमी झाली, मग नाहीशी झाली. दुसरी तार. मग तिसरी. मला बाजूचं काही दिसत नव्हतं, नुसता यांचा कान दिसत होता आणि त्याच्यामागचे पांढरे केस. शेवटची तार माझ्या आवाजात येऊन बसली तेव्हा मला माझा आवाज वेगळा ऐकू येईना. मी थांबले. हे बोलले, "झाला." या वेळी खरंच झाला होता.

मी सरळ उभी राहिले तर भावोजी ढोलकी मांडीवर घेऊन बघत होता. बोलला काही नाही. त्याच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल.

मी पळतच आत गेले. बायका वाटच बघत होत्या.

"काय गो, काय सांगितलास एवढा कानात?"

"इतकी वर्षं झाली लग्नाला, अजून बोलायचा संपला नाय यांचा!"

"अगो, हळद नवरीची, लाजते ही!"

नणंद तर हसून खाली बसली. मी हळदीची वाटी उचलली आणि नवरीच्या पायाला लावायला बसले. तेवढ्यात बाहेर बेंजो सुरू झाला. आधी खाली घोळला, मग ढोलकी आली, मग गाणं वर चढायला लागलं. मार्गशीर्षात जिथून हे माघारी फिरले होते तिथे पोचलं. माझा हात नवरीच्या पायावर थांबला. यांनी वरचं बटण दाबलं आणि त्याच्यावरचंही दाबलं, आणि तिथेच राहिले, खाली यायची घाई न करता.

"मामाच ना?" नवरीने विचारलं.

"मामाच," मी बोलले.

ती हळदीने माखलेल्या अंगाने पाटावरून उठली आणि नाचायला बाहेर गेली. बायका अजून मला विचारत होत्या की कानात काय सांगितलं. अजूनही, कुठल्या लग्नात भेटल्या की विचारतात.